संज्ञापन आणि प्रकल्प-संघाची कार्यक्षमता : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहास (१९१९–१९६६)

प्रास्ताविक

महाभारताच्या लेखनाची एक कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहायचे असे ठरले. लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, अशी अट गणपतीने घातली. त्यावर अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही, अशी उलट अट व्यासांनी घातली. मग व्यास मधूनच एखादा कूट श्लोक सांगत, आणि गणपती अर्थाचा विचार करीपर्यंत पुढच्या श्लोकांची जुळणी करून घेत. सांगणारा एक, लिहिणारा एक, काम अवाढव्य आणि दोघांच्या गतीत अंतर. एकत्रित कामातील संज्ञापनाची अडचण या कथेइतकी नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडली असेल.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ही कथा मुख्य पाठात नाही. हस्तलिखितांच्या साक्षीवर ती टिकली नाही, म्हणून आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. ज्या संघाने हा निर्णय घेतला, त्याचे स्वतःचे काम सत्तेचाळीस वर्षे चालले. त्याचे सदस्य पुणे, शांतिनिकेतन, तंजावर, लाहोर, ढाका आणि अमेरिकेतील येल विद्यापीठ इतक्या दूरवर विखुरलेले होते. मुख्य संपादकाचे मधेच निधन झाले, महायुद्ध झाले, फाळणी झाली. तरीही काम पुरे झाले. हे कशामुळे शक्य झाले, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः संपादकांच्या विद्वत्तेत शोधले जाते. विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्या युरोपीय विद्वानांनी हेच काम आधी हाती घेतले होते, तेही विद्वत्तेत उणे नव्हते आणि त्यांचे काम नमुन्यापुढे गेले नाही. प्रस्तुत निबंधात या प्रकल्पाकडे एक संघकार्य म्हणून पाहिले असून, त्यातील माहितीची देवाणघेवाण कशी बांधली गेली आणि तिचा कामाच्या गतीवर व गुणवत्तेवर कोणता परिणाम झाला, याचा शोध घेतला आहे.

दोन पूर्वप्रयत्न

महाभारताचा पाठ निश्चित करण्याचा मोठा प्रयत्न सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धर यांनी केला. त्यांचे घराणे गोदावरीकाठच्या कोपरगावचे. काम मात्र काशीत झाले. निरनिराळ्या प्रांतांतील पुष्कळ पोथ्या जमवून त्यांतील उत्तम पाठ आपण निवडले, असे त्यांनी टीकेच्या आरंभी सांगितले आहे. त्यांचा ‘भारतभावदीप’ आणि त्यासोबतचा पाठ पुढे छापखान्यांनी उचलला आणि देशभर तोच प्रमाण मानला गेला. परंतु कोणता पाठ कोणत्या पोथीतून घेतला, नाकारलेले पाठ कोणते आणि ते कशासाठी नाकारले, याची पद्धतशीर नोंद नीलकंठांनी ठेवली नाही. तशी ठेवण्याची त्या काळी प्रथाही नव्हती. याचा परिणाम असा की, नीलकंठ जेथे थांबले तेथून दुसऱ्या कोणालाही पुढे जाता येईना. त्यांच्या निर्णयाशी सहमत व्हावे किंवा सारे काम मुळापासून पुन्हा करावे, एवढेच दोन मार्ग उरले. एकट्याने केलेल्या कामाची ही मर्यादा कर्त्याच्या बुद्धीची नसते. त्याच्या डोक्यातले कागदावर न उतरल्याची असते.

दुसरा प्रयत्न युरोपातला. १८९७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनिट्झ यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची गरज मांडली. पुढे युरोपातील विद्वत्सभांच्या संघटनेने ती योजना स्वीकारली आणि १९०८ मध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांनी आदिपर्वाच्या आरंभीच्या ६७ श्लोकांचा नमुना छापला. त्यासाठी युरोपातील ग्रंथालयांतील २९ हस्तलिखिते वापरली होती. १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि परस्परांशी लढणाऱ्या राष्ट्रांच्या विद्वत्सभांमध्ये विभागलेले हे काम थांबले. युद्ध हे त्याचे उघड कारण होय. मात्र १८९७ ते १९१४ या सतरा वर्षांत शांतता असूनही एक नमुनाच हाती आला, हेही नोंदवले पाहिजे. ठराव एका परिषदेत, मान्यता दुसऱ्या सभेत, पैसा तिसऱ्या संस्थेकडे आणि पोथ्या बहुतांशी हिंदुस्थानात, अशी ती रचना होती.

पुण्यातील आरंभ

भांडारकर संस्थेची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली. मुंबई सरकारच्या मालकीचा, तोवर डेक्कन कॉलेजात असलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह लवकरच तिच्या ताब्यात आला. १९१८ मध्ये औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते पाठतुलनेच्या कागदावर पहिला मंगलश्लोक लिहून कामास आरंभ झाला. या समारंभात कोनशिला नव्हती, ग्रंथप्रकाशन नव्हते. वयोवृद्ध भांडारकरांनी एका आखलेल्या कागदावर अक्षरे लिहिली. पुढची सत्तेचाळीस वर्षे सारा संघ याच कागदाभोवती फिरत राहिला.

पहिल्या टप्प्यात कामाची धुरा ना. बा. उत्गीकर यांच्याकडे होती. १९२३ मध्ये त्यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती देशोदेशींच्या अभ्यासकांकडे अभिप्रायासाठी पाठवली. काही ठिकाणी या आवृत्तीचा उल्लेख अपुरे काम म्हणून होतो, तो अन्यायाचा आहे. कच्चा मसुदा जाणत्यांसमोर ठेवून दोष आधीच समजून घेणे हे मोठ्या प्रकल्पात शहाणपणाचे असते, आणि त्या वेळच्या विद्याक्षेत्रात ते पुष्कळच धाडसाचे होते. याच सुमारास, १९२२-२३ मध्ये विश्वभारतीत आलेल्या विंटरनिट्झ यांनी पुण्याला भेट देऊन कामाविषयी सल्ला दिला.

ऑगस्ट १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. त्यांचे शिक्षण केंब्रिजला गणिताचे आणि नंतर बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतचे; पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी. गणित, पाठचिकित्सा आणि शिलालेखांचे वाचन यांचा हा संगम कामाच्या पद्धतीत पदोपदी जाणवतो.

आखलेला कागद

पाठतुलनेची पद्धत सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सविस्तर सांगितली आहे. गणपत कृष्णाजी यांच्या मुंबईच्या शके १७९९ च्या मुद्रित आवृत्तीतील एकेक श्लोक फुलस्केप कागदाच्या वरच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलेला असे. कागद उभा-आडवा आखलेला. प्रत्येक हस्तलिखितासाठी एक आडवी ओळ राखलेली. त्या हस्तलिखितात जेथे वेगळा पाठ असेल तेथे तो पाठ, अक्षराखाली अक्षर येईल अशा रीतीने, नेमक्या उभ्या रकान्यात नोंदवायचा. उजव्या बाजूला चार इंच रुंदीचा रकाना शेऱ्यांसाठी मोकळा. पोथीत खाडाखोड आहे काय, समासात कोणी भर घातली आहे काय, श्लोकाच्या आधी किंवा नंतर जादा श्लोक आहे काय, हे तेथे लिहायचे. जादा मजकूर लांबलचक असेल तर तो वेगळ्या कागदावर उतरवून जोडायचा. या कागदांना ‘शोधपत्र’ असे नाव होते.

वरवर पाहता ही कारकुनी बाब वाटते. परंतु प्रकल्पातील संज्ञापनाचा गाभा येथेच आहे. संघातील शास्त्री वेगवेगळ्या प्रांतांचे होते. पोथ्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम अशा अनेक लिप्यांत होत्या. मलयाळम पोथी वाचणाऱ्यास शारदा वाचता येत नसे. बंगाली वाचणाऱ्यास ग्रंथलिपी परकी. प्रत्येक लिपीची आपली फसवी स्थळे. बंगालीत ब आणि व यांची आकृती एकच. शारदेत म आणि स इतके सारखे की नवख्याची हमखास चूक व्हावी. हे सारे ज्ञान ज्याच्या त्याच्यापाशी. कागदावर मात्र सर्वांचे वाचन देवनागरीत, ठरलेल्या ओळीत आणि ठरलेल्या रकान्यात उतरे. एकाने दुसऱ्याची लिपी शिकण्याची, किंबहुना दुसऱ्याला भेटण्याचीही गरज उरत नसे.

संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ या पुस्तकात एक साधा हिशेब मांडला. संघातील प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागत असेल, तर दहा माणसांत ४५ संबंध जुळवावे लागतात, वीस माणसांत १९०. माणसे दुप्पट झाली की बोलणे चौपटीहून अधिक होते. त्यामुळे रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते आणखीच रखडते. पुण्याच्या संघाने हे सूत्र ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यातील धोका आखलेल्या कागदाने टाळला. पाठतुलना करणाऱ्याचा संबंध कागदाशी आणि कागदाचा संपादकाशी. संघात एक शास्त्री वाढला तर एक ओळ वाढे, संबंधांचे जाळे वाढत नसे. म्हणूनच शांतिनिकेतन येथे विश्वभारतीत आणि तंजावर येथे सरस्वती महालात पाठतुलनेची वेगळी केंद्रे चालवता आली. बंगाली पोथ्या पुण्यास आणण्यापेक्षा आखलेले कागद बंगालमध्ये पाठवणे सोपे आणि सुरक्षित होते.

तुलनेसाठी त्याच काळातील, पुण्यातच पूर्ण झालेल्या दुसऱ्या मोठ्या संघकार्याकडे पाहता येईल. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम पुष्कळच कमी वर्षांत तडीस गेले. केतकरांचा झपाटा असामान्य होता यात शंका नाही. परंतु ज्ञानकोशातील एक नोंद चुकली तर ती नोंद चुकते, शेजारची सहसा चुकत नाही. महाभारताच्या पाठात तशी सोय नव्हती.

चूक कोठे महाग पडते

सुकथनकरांच्या पाठनिर्णयाचे मुख्य तत्त्व असे होते. महाभारताच्या हस्तलिखितांच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन परंपरा आहेत. या दोन्ही परंपरांतील पोथ्या, एकमेकींची नक्कल केल्याचे चिन्ह नसताना, एखाद्या पाठावर एकमत दाखवीत असतील, तर तो पाठ दोहोंच्या समान पूर्वजाचा मानावा. मलबारातील पोथी आणि काश्मीरमधील पोथी यांचे जमते, ही या पद्धतीतील सर्वांत भक्कम साक्ष. ब्यूलर यांनी १८७५-७६ मध्ये काश्मीरमधून मिळवलेली भूर्जपत्रावरील शारदा पोथी म्हणूनच आदिपर्वासाठी इतकी मोलाची ठरली.

ही साक्ष प्रत्यक्ष पोथ्यांची असली, तरी पोथ्यांचे म्हणणे संपादकापर्यंत येते ते वाचकाच्या कागदावरून. तंजावरच्या एखाद्या शास्त्र्याने थकल्या डोळ्यांनी वरच्या ओळीतला मुद्रित पाठच खाली उतरवला, तर पुण्यातील संपादकाला उत्तर आणि दक्षिण यांचे एकमत झाल्याचे दिसणार आणि नसलेला पुरावा उभा राहणार. मुद्रित पाठ सदैव डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या पद्धतीत हा धोका अंगभूत होता. त्याला उत्तर म्हणजे पोथ्यांची संख्या. कोणत्याही भागासाठी किमान दहा हस्तलिखिते तुलनेस घ्यायची असा दंडक होता. पुष्कळ भागांत ती वीस, काही ठिकाणी चाळीस आणि आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी साठपर्यंत गेली. एका वाचकाची चूक इतरांच्या गर्दीत उघडी पडावी, ही त्यामागची एक सोय झाली.

आदिपर्वाच्या सुमारे २३५ हस्तलिखितांची माहिती संस्थेस होती. त्यांत देवनागरी १०७, बंगाली ३२, ग्रंथ ३१, तेलुगू २८, मलयाळम २६, नेपाळी ५, शारदा ३ आणि मैथिली, कन्नड व नंदिनागरी प्रत्येकी एक. त्यांपैकी ६० प्रत्यक्ष पाठनिर्णयासाठी वापरली गेली. एवढ्या पोथ्यांचा उल्लेख प्रत्येक टीपेत नावानिशी करणे अशक्य. म्हणून संकेतचिन्हांची भाषा तयार झाली. शारदेसाठी एक अक्षर, बंगालीसाठी एक, ग्रंथलिपीसाठी एक, आणि त्यापुढे पोथीचा क्रमांक. पहिल्या पर्वाच्या संपादकाने ठरवलेली ही भाषा शेवटच्या पर्वापर्यंत कायम राहिली. लाहोरमध्ये विराटपर्व पाहणाऱ्या रघुवीर यांची टीप आणि ढाक्यात उद्योगपर्व पाहणाऱ्या सुशीलकुमार डे यांची टीप वाचकाला एकाच किल्लीने उघडता येते.

या संक्षेपाची किंमतही द्यावी लागली. पोथीची ओळख लिपीवरून ठरली की लिपी म्हणजेच वंश असा समज नकळत दृढ होतो. देवनागरीत लिहिलेल्या काही पोथ्या वंशाने काश्मिरी आहेत हे सुकथनकरांनी स्वतःच ओळखले होते आणि त्यांचा वेगळा गट केला होता. तरीही एकंदर वर्गीकरण लिपीवरच राहिले. १९९३ मध्ये जर्मन अभ्यासक राइनहोल्ड ग्रुनेन्डाल यांनी या गृहीतावर सविस्तर टीका केली. संघाची अंतर्गत भाषा जितकी सुटसुटीत, तितका तिच्यात पुरलेला निर्णय पुन्हा उकरून पाहणे अवघड होते. या टीकेला साठ वर्षे लागली हे त्याचे गमक मानता येईल.

नागमोडी रेघ

सुकथनकरांच्या आवृत्तीतील सर्वांत लहान आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाठाखालची नागमोडी रेघ. निर्धारित पाठातील जो शब्द संपादकाला पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याच्याखाली अशी रेघ आहे. शब्द छापला तर आहे. पण संपादक त्यावर पैज लावायला तयार नाही, एवढे ती सांगते. बाहेर टाकलेल्या ओळी तारांकित करून तळटीपेत आणि लांब प्रकरणे परिशिष्टात दिली आहेत. नीलकंठांच्या पाठात आणि या पाठात खरा फरक येथे आहे. येथे निर्णयाबरोबर त्याचा पुरावा आणि त्यावरील संपादकाचा भरवसा, अशा तीन गोष्टी एकाच पानावर वाचकाच्या हाती पडतात.

प्रकल्पाच्या व्यवस्थेत ‘खात्री नाही’ हे सांगण्याची जागा ठेवणे सोपे नसते. वरिष्ठांना, देणगीदारांना आणि लोकांना निश्चित उत्तर हवे असते. महाभारताच्या बाबतीत तर प्रश्न श्रद्धेचाही होता. सभापर्वात द्रौपदीने वस्त्रहरणाच्या प्रसंगी कृष्णाचा धावा केल्याचा भाग, जो कीर्तनातून आणि चित्रांतून घरोघर पोहोचलेला होता, एजर्टन यांच्या निर्धारित पाठात नाही. तो मुळीच छापला नसता तर गहजब झाला असता आणि तो रास्तही ठरला असता. तो तळाशी आहे, कोणत्या पोथ्यांत आहे आणि कोणत्यांत नाही हेही तेथेच आहे. ज्याला निर्णय मान्य नाही त्याला उलट निर्णय करण्याची सामग्री त्याच पानावर मिळते.

बाहेरच्यांशी संवाद

आदिपर्व एकदम प्रसिद्ध झाले नाही. १९२७ ते १९३३ या काळात ते सात भागांत निघाले, मुद्रण मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात झाले. भागाभागाने प्रसिद्धी करण्यात पैशाची अडचण हे एक कारण असेल. पण त्याचा लाभ मोठा झाला. पहिलाच भाग हाती पडताच परीक्षणे येऊ लागली. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी १९२९ मध्ये असा विचार मांडला की, मूळ महाभारताच्या पुनर्रचनेचा नाद सोडून नीलकंठी पाठच छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत. हा आक्षेप साऱ्या प्रकल्पाच्या हेतूलाच हात घालणारा होता. वॉल्टर रूबेन यांनीही पद्धतीवर टीका केली. सुकथनकरांनी या आक्षेपांना शोधनियतकालिकांतील लेखमालेतून आणि पुढे प्रस्तावनेतून मुद्देसूद उत्तरे दिली. लेव्हींची सूचना त्यांनी नाकारली, आणि ती का नाकारली हे त्यांनी लेव्हींच्या योग्यतेला बाध न आणता सांगितले. आज ती प्रस्तावना भारतीय पाठचिकित्सेचे पाठ्यपुस्तक म्हणून वाचली जाते. ती टीकेस दिलेले उत्तर आहे हे बहुधा विसरले जाते.

या खुलेपणाचा व्यावहारिक लाभही झाला. १९२८ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेने, युरोपातील योजनेसाठी केलेली पाठतुलना आणि जमलेला निधी पुण्याच्या आवृत्तीच्या उपयोगी यावा, असा ठराव केला. जे काम युरोपात वीस वर्षे नमुन्यापाशी अडले होते, त्याचा वारसा असा पुण्याकडे आला. त्याला निमित्त झाले ते पहिल्या काही छापील पानांचे. कोणी कोणाकडे शिष्टाई केल्याचे नव्हे.

संवादाचा आणखी एक धागा उशिरा पोहोचला. आदिपर्व पूर्ण झाल्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडील एका प्राचीन ताडपत्री पोथीचे पाठभेद सुकथनकरांना मिळाले. पाठ छापून बाहेर पडला होता. बदल करणे शक्य नव्हते. एखादा संपादक अशा वेळी मौन पाळता. सुकथनकरांनी त्या पोथीवर स्वतंत्र लेख लिहिला. जे श्लोक त्यांनी केवळ तर्काने आणि तुलनेने बाहेर ठेवले होते, त्यांतील पुष्कळ या पोथीत खरोखरच नव्हते.

सूत्रधारानंतर

प्रकल्पाची कसोटी २१ जानेवारी १९४३ रोजी लागली. त्या दिवशी सुकथनकरांचे निधन झाले. वय अवघे पंचावन्न. आदि, विराट (१९३६), उद्योग (१९४०) आणि आरण्यक (१९४२) ही पर्वे तोवर प्रसिद्ध झाली होती. म्हणजे अठरांपैकी चार. जगात महायुद्ध चालू होते. येलमधील फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे सोपवलेले सभापर्व अजून बाहेर पडायचे होते.

ते पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, प्रसिद्ध झाले. या एका वर्षाच्या अंतराकडे इतिहासकाराने थांबून पाहावे असे ते आहे. नीलकंठ गेले तेव्हा त्यांची पद्धत त्यांच्याबरोबर गेली होती. सुकथनकर गेले तेव्हा आखलेले कागद होते, संकेतचिन्हे होती, पाठनिर्णयाची तत्त्वे आदिपर्वाच्या प्रस्तावनेत छापलेली होती, आणि पर्वे क्रमाने न घेता ज्याच्या त्याच्या सोयीने समांतर चालवण्याची रीत रुळलेली होती. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी मुख्य संपादकपद स्वीकारले, तेव्हा त्यांना नवी व्यवस्था बसवावी लागली नाही.

यानंतरच्या टप्प्याचे स्वरूप मात्र पालटले. फाळणीनंतर लाहोर आणि ढाका परदेशात गेले. उरलेल्या पर्वांपैकी बहुतेकांचे संपादन पुण्या-मुंबईच्या विद्वानांकडे आले. सौप्तिकपर्व ह. दा. वेलणकरांकडे, स्त्रीपर्व वा. गो. परांजपे यांच्याकडे, कर्णपर्व प. ल. वैद्य यांच्याकडे, आश्वमेधिकपर्व र. दा. करमरकरांकडे, शल्य आणि अनुशासन ही पर्वे रा. ना. दांडेकरांकडे. भीष्म, शांती आणि शेवटची चार छोटी पर्वे मिळून सहा पर्वे बेलवलकरांनी स्वतः संपादिली. द्रोणपर्वाचे काम पुन्हा डे यांनीच केले, ते १९५८ मध्ये निघाले. संघ जवळ आला तरी गती वाढली असे म्हणता येत नाही. अनुशासनपर्व, म्हणजे शेवटी प्रसिद्ध झालेले पर्व, १९६६ मध्ये बाहेर पडले. शांतिपर्वासारख्या प्रचंड विस्ताराचा त्यात वाटा होता, पैशाच्या चणचणीचाही होता. पण एकाच गावात असणे म्हणजे सहज संवाद, आणि सहज संवाद म्हणजे जलद काम, हे समीकरण येथे तरी सिद्ध होत नाही. ज्या संघाचे काम बोलण्यापेक्षा लिखित नोंदीवर चालते, त्याला अंतराचा फटका फारसा बसत नाही, आणि जवळिकीचा लाभही फारसा होत नाही.

बेलवलकरांच्या नंतर १९६१ पासून प. ल. वैद्य मुख्य संपादक झाले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्यात राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी आवृत्ती पूर्ण झाल्याचे जाहीर केले. एकोणीस खंड आणि त्यांच्या मागे पाहिलेली १२५९ हस्तलिखिते, असा या कामाचा पसारा होता.

नाव नसलेले वाचक

या व्यवस्थेत एक अन्यायही आहे. मुखपृष्ठांवर संपादकांची नावे आहेत. पोथ्या अक्षराखाली अक्षर लावून वाचणारे शास्त्री आणि पदवीधर साहाय्यक अभ्यासकांच्या चर्चेत जवळजवळ नाहीतच. प्रत्येक टीपेत पोथीचे चिन्ह आहे, ती वाचणाऱ्याचे नाही. कोणत्या पोथीत काय आहे हे आज कोणीही सांगू शकेल. पण ते वाचन कोणाच्या डोळ्यांचे, त्या वाचकाचा हात कोठे चुकण्याची सवय होती, हे छापील आवृत्तीवरून समजत नाही. शास्त्र्यांना पाठनिर्णयाविषयी स्वतःचे काही म्हणणे असेल, तर ते उजवीकडील चार इंचांच्या रकान्यात बसले पाहिजे, अशी ही रचना होती. ग्रंथलिपीच्या पोथ्यांत आयुष्य घालवलेल्या पंडिताला त्या पोथ्यांविषयी जे कळत असेल, ते सारे एवढ्या जागेत मावले असेल असे वाटत नाही. कार्यक्षमतेसाठी संवाद एका रकान्यात बांधला की काय सुटते, याचे हे उदाहरण होय.

पुढे क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी संपूर्ण निर्धारित पाठ संगणकात आणला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो शुद्ध केला. आज जगभर महाभारतातील शब्द शोधले जातात ते बहुधा याच रूपात. तोकुनागांच्या मूळ संगणकीय पाठात तारांकित ओळी व परिशिष्टे नव्हती, ती पुढे स्मिथ यांनी जोडली. त्यामुळे गणपती आणि व्यासांची ती कथा आता पडद्यावर सापडते. शेकडो पोथ्यांचे पाठभेद मात्र अजूनही छापील खंडांच्या तळाशी आहेत, आणि ते पाहायचे तर खंड उघडावे लागतात.